२०२० ते २०२२ मध्ये कॉलेजात होतात? लेक्चरला कुठे बसायचात?

निळी_शाई

आमची चाळ रिकामी झाली. नायगावची बीडीडी. संक्रमण शिबिरात जायचं म्हणून सामान बांधत होतो तेव्हा पोटमाळ्यावर बुटांचा एक खोका सापडला. आत टीवायची (पदवीच्या तिसऱ्या वर्षाची) दोन जर्नल्स, एका कानाने गेलेला इअरफोन आणि एक दोनशे पानी वही. वहीच्या मागच्या पानावर मी तेव्हा आखलेलं वेळापत्रक आहे. विषयांचं नाही, जागांचं. '८ ते ८.५०, जिना, मधला टप्पा. ९ ते ९.५०, मोरीशेजारी (आजीची पूजा होईपर्यंतच). ११ नंतर पॅसेज. दुपारी बाबा ड्यूटीला गेले की कॉट.'

ते पान बघून मी बांधाबांध सोडून तशीच बसून राहिले. म्हणून हा धागा.

ज्यांनी बीडीडी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मधून लांब अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. आम्ही पाच जण. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. लोकल बंद झाल्या, पण अत्यावश्यक सेवेतल्या लोकांची ने-आण करायला बेस्ट चालूच होती, म्हणून बाबांची ड्यूटीही चालूच. रात्री घरी आले की आजीच्या काळजीने ते पॅसेजमध्येच सतरंजी टाकायचे. भाऊ दहावीत. घरात मोबाइल दोन, त्यातला एक बाबांबरोबर बसवर.

मार्च २०२० मध्ये मी एसवाय बीएस्सीला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला होते, केमिस्ट्री. '३१ मार्चपर्यंत बंद' असं कळलं तेव्हा जर्नल लॅबच्या ड्रॉवरमध्येच ठेवून आले. पंधरा दिवसांचा तर प्रश्न! पदवीची विद्यार्थिनी म्हणून त्या लॅबमध्ये मी पुन्हा पाऊल ठेवलंच नाही. एसवायची परीक्षा झाली नाही, अंतर्गत गुण आणि आधीच्या सेमिस्टरचे गुण धरून आम्हाला पुढे पाठवलं. ऑगस्टपासून टीवाय मोबाइलवर सुरू झालं आणि मोबाइलवरच संपलं.

रोजचा दीड जीबी डेटा तिसऱ्या लेक्चरला संपायचा, पण त्यावर तेव्हा पुष्कळ लिहून आलं. कमी बोललं गेलं ते वेगळंच. आमच्यासारख्या घरांसाठी कॉलेज हीच अभ्यासाची खोली होती. सकाळी सातला घर सोडायचं, कॉलेज, तिथलं वाचनालय, मग अभ्यासिकेत रात्री नऊ-दहापर्यंत. घरी जेवायला आणि झोपायला. चाळीतल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या अशाच शिकल्या. त्या मार्चमध्ये कॉलेज, वाचनालय, अभ्यासिका, तिन्हींना एकदमच कुलूप लागलं, आणि जो तो म्हणत होता, शिक्षण चालू आहे.

तुम्ही तेव्हा शिकत असाल किंवा शिकवत असाल तर लिहा. कुठे बसायचात? आणि त्या दोन वर्षांतलं काय अजून शिकायचं राहून गेलंय असं वाटतं?

सडा_आणि_जांभा

मी सड्यावर बसायचो, म्हणजे गावाच्या वरच्या उघड्या कातळावर. मंडणगड तालुका.

भांडुपला काकांकडे राहून बीकॉम करत होतो, शेवटचं वर्ष. मे महिन्यात पास काढून गावी आलो, चौदा दिवस गावच्या शाळेत काढले. म्हटलं, तिकडे निदान जागा तरी आहे. पडवी, माजघर, अंगण, पाहिजे तिथे बस. पण रेंज नाही.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं गेली, पत्रे गेले, आजोबांनी लावलेली आंब्याची नि फणसाची झाडं आडवी झाली. खांबच मोडून पडले होते, आमच्या वाडीत दीड महिना वीज नव्हती. एकाने जनरेटर आणला होता, त्याच्याकडे मोबाइल चार्जिंगला ठेवायला रांग. घरात तेव्हा माझी परीक्षा हा विषयच नव्हता आणि असायलाही नको होता. पण ग्रुपवर मुंबईचे मित्र रोज तेच विचारायचे, होणार की रद्द? राज्य सरकार म्हणत होतं नको. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ६ जुलैला सांगितलं, अंतिम वर्षाची घ्यायचीच. मग सुप्रीम कोर्ट. २८ ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. हे सगळं मी सड्यावर उभ्या उभ्या वाचलं, कारण खाली उतरलं की रेंज जायची. पाऊस असला की अंगावर खोळ आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवीवरूनच बोट फिरवायचं. जोराची सर आली की थेंबांनीच बटणं दाबली जायची, ते एक वेगळं.

पण खरं सांगायचं ते १२ ऑक्टोबरचं. सोमवार होता, माझा पेपर होता. तोवर आमच्याकडे वीज आली होती, सकाळपासून रेंजही चांगली. आई बरोबर सड्यावर आली होती, गुरं इकडे येऊ नयेत म्हणून काठी घेऊन उभी. आणि दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, सगळं शहर बंद. त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलले. मी आईला म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, "का रे, काय झालं?" मी म्हटलं, "मुंबईत लाइट गेली." ती कितीतरी वेळ नुसती माझ्याकडे बघत राहिली. आमच्याकडे दीड महिना वीज नव्हती तेव्हा कुठली तारीख पुढे गेली नव्हती.

पेपर नंतर झाला, पास झालो. पण तिची ती नजर मी विसरलेलो नाही.

प्राजक्ता_कळवा

निळी_शाई, 'आजीची पूजा होईपर्यंतच' वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे जागा होती, वन बीएचके. वेळ नव्हता. म्हणजे माझा वेळ माझा नव्हता.

कॉलेजात जायचे तेव्हा सकाळी ६.५२ ची गाडी, मग आई सगळं करायची आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही, कारण मी 'बाहेर' असायचे. लेक्चर मोबाइलवर आलं आणि मी 'घरी' आहे असं ठरलं. दादाचंही कॉलेज मोबाइलवरच होतं, पण तो दार लावून बसायचा. माझ्या एका कानात मानसशास्त्र आणि हात कणकेत. कुकरची शिट्टी व्हायच्या आत म्यूट करायचं हे मी इतकं शिकले की अजूनही शिट्टी ऐकली की अंगठा आपोआप हलतो. कॅमेरा कधीच चालू केला नाही. बाई म्हणायच्या, कॅमेरे चालू करा, मला तुमचे चेहरे बघू द्या. मी काय दाखवणार होते? मागे ओटा.

आमच्या वर्गातल्या एकीचं लग्न त्याच हिवाळ्यात लावून दिलं. घरच्या घरी, पन्नास माणसांत, हॉलचा खर्च वाचतो म्हणून. कॉलेज चालू असतं तर वर्षभर तरी थांबले असते असं ती स्वतः म्हणाली होती. तिचं नाव वर्गाच्या ग्रुपवर शेवटपर्यंत होतं, पण पाचव्या सेमिस्टरनंतर ती लेक्चरला आली नाही.

२१ ऑक्टोबर २०२० ला बायकांना लोकलने जायची परवानगी मिळाली, सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. त्याच महिन्यात वाचनालयंही उघडली होती. मी घरी सांगितलं की कॉलेजात कागद द्यायचेत. गेले दादरच्या एका वाचनालयात. एक टेबल, एक पंखा, शेजारी कुणी नाही. दोन तास नुसती वाचत बसले. तीनच्या आत परतीची गाडी धरायची होती. गाडीत रडले, पण आनंदाने. नंतर आठवड्यातून दोनदा जायला लागले. टीवायचा जो काही अभ्यास मी खरा केला तो त्या टेबलावरचा.

दळवी_सर

मी शिकवणाऱ्यांपैकी. अर्थशास्त्र, दक्षिण मुंबईतलं एक कॉलेज, राहायला बदलापूर. पटावर १२० मुलं, जोडली जायची साठ-सत्तर, बोलायची चार.

पडद्यावर नावं दिसायची 'रेडमी', 'पप्पांचा मोबाइल', 'आई', 'सॅमसंग'. कोण कोण आहे ते मला सेमिस्टर संपेपर्यंत उमगलं नाही. 'आई' या नावाने बसणारी मुलगी वर्गातली सगळ्यात हुशार निघाली. तिला मी दीड वर्ष प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. सुरुवातीला फुकटातली मीटिंग घ्यायचो तर ती चाळीस मिनिटांनी तुटायची, परत सगळे जोडेपर्यंत पुढची पाच मिनिटं जायची. वर्गात मला कळायचं की मागणीची लवचिकता पोरांच्या डोक्यावरून चाललीये, कारण समोरची भुवई आकसते, कुणी पेन खाली ठेवतं. ते दिसत नसलं की आपण फक्त वेगाने बोलत सुटतो. मी तसाच सुटलो होतो. एक सेमिस्टरभर अभ्यासक्रम वेळेआधी संपवला याचा मला अभिमान वाटत होता, हे आज लिहिताना जड जातंय.

एक गोष्ट सांगायचीच आहे. एका मुलाचा माइक सारखा चालू राहायचा. हॉर्न, आरडाओरडा, मध्येच 'किती पाव देऊ?' मी दोनदा सर्वांसमोर बोललो, शिस्त नाही म्हणून. तिसऱ्या वेळी त्याने खाजगीत संदेश पाठवला: 'सर, पप्पांचं काम गेलंय, मी भाजीची गाडी लावतो, हात ओले असतात म्हणून म्यूट पटकन होत नाही.' तो लेक्चर सोडत नव्हता. गाडीवर मोबाइल वजनकाट्याला टेकवून बसायचा. मी त्याची माफी मागितली, पण सगळ्यांसमोर बोललो होतो आणि माफी एकट्यात मागितली. ती सगळ्यांसमोर मागायला हवी होती.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट. हजेरी घेताना एकाने लिहिलं, 'प्रेझेंट सर, नेस्कोत आहे.' गोरेगावचं कोविड केंद्र. मी त्याला म्हटलं, बाळा, झोप. तो म्हणाला, सर, इथे वेळ जात नाही, तुम्ही बोलत राहा. त्या दिवशी मी चाळीस मिनिटं चलनवाढीवर बोललो आणि तो बरा झाला एवढंच मला पुरेसं आहे.

रातपाळी

सगळ्यांचं वाचतोय. पण मला थोडं उलट सांगायचंय, राग मानू नका.

मी कुर्ल्याला औषधांच्या दुकानात कामाला आणि रात्र महाविद्यालयात बीए. रात्र कॉलेज म्हणजे साडेसहाला वर्ग. दुकानातून सुटून, गाडी पकडून, परळला पोचेपर्यंत पहिलं लेक्चर अर्धं झालेलं असायचं. तीन वर्षांत पहिलं लेक्चर मी सुरुवातीपासून कधी ऐकलंच नव्हतं. ते लॉकडाऊनमध्ये ऐकलं. दुकान तेव्हाही उघडं होतं, उलट काम तिप्पट. मालक म्हणाले, मागे गोडाऊनमध्ये बस तासभर. ओआरएसच्या खोक्यांवर बसून मी मराठी साहित्याचा इतिहास पहिल्यांदा सलग ऐकला. आमच्या मॅडम रेकॉर्डिंगही टाकायच्या, ते रात्री घरी जाताना चालत चालत ऐकायचो.

म्हणून कॉलेजं उघडली तेव्हा सगळे खूश होते आणि मी नव्हतो. मॅडमना विचारलं, रेकॉर्डिंग चालू ठेवाल का? त्या म्हणाल्या, आता गरज काय? गरज आधीपण होती ना. नोकरी करून शिकणाऱ्या पोरांना ती कोविडच्या आधी होती, आत्ताही आहे. जे एकदा सगळ्यांसाठी जमलं ते आमच्यासाठी का जमू नये, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

स्पर्श_सहा_बिंदू

रातपाळी यांच्याशी सहमत, आणि निळी_शाईंशीही. दोन्ही एकाच वेळी कसं, ते सांगतो.

मी पूर्ण अंध आहे. तेव्हा एमए राज्यशास्त्र, पहिलं वर्ष. घर विरार. लोकल नाही, स्टेशनचा पूल नाही, 'अरे सांभाळून' म्हणत दंड धरून ओढणारे हात नाहीत, हे सुख मी नाकारणार नाही. पहिले पंधरा दिवस मला वाटलं होतं, आता सगळे माझ्यासारखेच नुसतं ऐकून शिकणार.

मग पीडीएफ यायला लागल्या. पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो, तेही तिरके, एकत्र करून पीडीएफ. स्क्रीन रीडर त्याला एकच शब्द म्हणतो: इमेज. पुढचं पान: इमेज. अठ्ठावीस पानं इमेज. अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर इंग्रजीला चालायचं, मराठीतल्या फोटोंवर जोडाक्षरांचा चुराडा करायचं. लेक्चरमध्ये सर पडद्यावर काहीतरी दाखवून म्हणायचे, 'हे इथून इकडे गेलं बघा.' वर्गात असतो तर शेजारचा कानात सांगतो कुठून कुठे गेलं. घरी शेजारी कुणी नसतं.

मला तारलं ते दोन मैत्रिणींनी. त्या दोघी वाटून घेऊन रोज प्रकरणं वाचायच्या आणि व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवायच्या. एकीच्या घरामागे रेल्वे, सामानाची गाडी गेली की ती थांबायची, गाडी जाऊ द्यायची आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायची. तशा चारशेच्या वर फाइली माझ्याकडे अजून आहेत, पुसल्या नाहीत.

परीक्षेला लेखनिक घरी कसा येणार, हा मोठाच घोर होता. शेवटी धाकट्या चुलत भावाला बसवायला परवानगी मिळाली. वेळ संपत आली की पडद्यावर लाल आकडे धावतात म्हणे. मला त्याच्या श्वासावरून कळायचं.

लोअर_परळ_९ते६

भावना समजतात. पण एक कटू गोष्ट लिहितो. आमच्या कंपनीत नवीन मुलांच्या मुलाखती मी घेतो. २०२१ आणि २०२२ ला पास झालेल्यांची गुणपत्रकं नव्वदच्या वरची, आणि साधा व्याजाचा प्रश्न विचारला तर समोर शांतता. बहुपर्यायी पेपर, घरी बसून, ग्रुपवर उत्तरं. हे झालं की नाही ते इथे कुणी लिहीत नाहीये. जागा नव्हती, रेंज नव्हती हे मान्य, पण कॉपी करायला रेंज होतीच की.

वसई_मेकॅनिकल

मी लिहितो. झाली. मीही केली.

इंजिनीअरिंग, तिसरं वर्ष. पेपर सुरू झाला की पाच मिनिटांत टेलिग्रामवर उत्तरं यायची. पहिल्या पेपरला मी बघितली नाहीत, मला ५८ मिळाले आणि ज्यांनी बघितली त्यांना ९०. दुसऱ्या पेपरपासून बघितली. त्या सेमिस्टरचा माझा पॉइंटर दहापैकी ९.६ आहे आणि तो आकडा माझा नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. नंतर गेट परीक्षेसाठी थर्मोडायनॅमिक्स पहिल्या पानापासून शिकलो, सहा महिने. लेथवर हात बसवायला एका ओळखीच्यांच्या वर्कशॉपमध्ये, वसईलाच, बिनपगारी उभा राहिलो.

पण साहेब, तुम्ही मुलाखतीत 'अच्छा, कोविड बॅच' म्हणता ना, ते समोरच्याला ऐकू येतं. मी चार ठिकाणी ऐकलंय. ज्याने एकही उत्तर बघितलं नाही त्यालाही तेच ऐकावं लागतं. वरच्या प्रतिसादातला तो सड्यावर खोळ घालून बसलेला मुलगा तुमच्यासमोर आला असता तर तुम्ही त्याला ओळखलं असतं का?

लोअर_परळ_९ते६

@वसई_मेकॅनिकल, नाही, ओळखलं नसतं. ते शब्द मी वापरले आहेत, यापुढे वापरणार नाही. तुम्ही हे स्वतःहून लिहिलंत त्याबद्दल आदर आहे.

एक मात्र अजूनही म्हणेन. परीक्षा तशी ठेवणाऱ्यांना हे होणार हे दिसत होतं. पुस्तक उघडं ठेवून लिहिता येईल, विचार करावा लागेल, असे प्रश्न काढता आले असते.

दळवी_सर

काढता आले असते. आमच्या विभागात आम्ही दोघांनी अंतर्गत परीक्षेला तसा प्रयत्न केला. 'तुमच्या घरातला मार्च ते ऑगस्टचा खर्च मांडा आणि काय बदललं ते सांगा.' एकाचं उत्तर दुसऱ्याला चालणारच नाही. आलेली उत्तरं मी आयुष्यभर जपून ठेवावीत अशी आहेत. एका मुलीने लिहिलं होतं, 'प्रवासखर्च शून्य, साबणाचा खर्च दुप्पट, आजोबांची औषधं जूननंतर नाहीत.' पुढे कारण लिहिलं नव्हतं. मुख्य परीक्षेला मात्र हजारो उत्तरपत्रिका आणि थोडे दिवस, म्हणून बहुपर्यायी हाच मार्ग निवडला गेला.

प्राजक्ता_कळवा

@निळी_शाई, तुम्ही विचारलंत काय शिकायचं राहून गेलं, पण तुमचं स्वतःचं नाही लिहिलंत. केमिस्ट्री म्हणजे प्रॅक्टिकल. ती कशी केलीत?

निळी_शाई

लिहिणार होते, धीर होत नव्हता.

प्रॅक्टिकल आम्ही बघितली. सर एकटे रिकाम्या लॅबमध्ये उभे राहून मोबाइल स्टँडला लावून टायट्रेशन करून दाखवायचे, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचं. त्यांनी फार कष्ट घेतले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण फिनॉल्फ्थॅलीनचा (रंग दाखवणाऱ्या द्रव्याचा) शेवटचा बिंदू हा इतका फिका गुलाबी असतो की पांढरी फरशी खाली ठेवून, मान वाकवून बघावा लागतो. एका थेंबाने येतो, दुसऱ्या थेंबाला गडद झाला म्हणजे चुकलं. माझ्या मोबाइलच्या पडद्यावर तो दिसायचाच नाही. सर म्हणायचे, "आला बघा," आणि आम्ही लिहायचो, आला. रीडिंग सर द्यायचे. त्या खोक्यात सापडलेल्या जर्नलमध्ये पानोपानी माझ्या अक्षरात दुसऱ्याच्या हाताने घेतलेली रीडिंग्ज आहेत. मैत्रिणीच्या जर्नलमध्येही तीच, ठाण्याच्या आणि पनवेलच्या मुलांच्याही. वर्गात चाळीस जणांची रीडिंग्ज तंतोतंत सारखी आली असती तर सरांनी जर्नलं फेकून दिली असती!

पदवी मिळाली. एमएस्सीला प्रवेश घेतला. २० ऑक्टोबर २०२१ नंतर, दोन डोस झालेल्यांसाठी कॉलेजं उघडली, तेव्हा दीड वर्षाने लॅबमध्ये गेले. पहिल्या दिवशी ब्युरेट (थेंब सोडायची, आकडे आखलेली उभी नळी) भरली, वाचन शून्यावर आणलं, आणि फनेल वरच ठेवून टायट्रेशन सुरू केलं. फनेल काढायचं असतं, नाहीतर त्याला चिकटलेला थेंब नंतर आत पडतो आणि वाचन चुकतं. हे एफवायच्या मुलांना येतं. मलाही एफवायला येत होतं, हाताने विसरले होते. बाई मागून आल्या, काही बोलल्या नाहीत, फनेल अलगद उचललं, बाकावर ठेवलं आणि पुढे गेल्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच लॅबमध्ये थांबले आणि नुसत्या पाण्याने ब्युरेट भरत राहिले, अकरा-बारा वेळा. तिसऱ्या दिवसापर्यंत वर्गातले आणखी सहा-सात जण सुट्टीत थांबायला लागले. कुणी कुणाला विचारलं नाही का थांबलास.

आता अंबरनाथला एका कारखान्याच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये आहे. हात बसलाय. तरी टायट्रेशन संपलं की माझी नजर अजूनही आधी ब्युरेटच्या तोंडाकडे जाते.

सडा_आणि_जांभा

हे वाचून थांबलो होतो थोडा वेळ. ती जर्नलं टाकू नका.

स्पर्श_सहा_बिंदू

टाकू नका, +१.

निळी_शाई

नाही टाकत. खोका इथे आणलाय.

एक काम आहे, या धाग्यावर मुंबईचे बरेच जण दिसतात म्हणून विचारते. इथे शिबिरात आमच्या मजल्यावर एक मुलगी आहे, बारावी सायन्स, यंदा सीईटी. घरात सहा माणसं. ती रात्री जिन्यात मधल्या टप्प्यावर बसते, तिथला दिवा जाता-येता कुणीतरी बंद करतं. काल मी तिच्या शेजारून वर गेले आणि पुन्हा खाली आले. नायगाव, परळ, दादर भागात रात्री दहानंतर उघडी असणारी, मुलींना सुरक्षित वाटेल अशी अभ्यासिका कुणाला माहीत आहे का? फी असली तरी चालेल, मी बघेन.

रातपाळी

परळला एका मंडळाची आहे, आमच्या कॉलेजची पोरं बसायची. साडेअकरापर्यंत उघडी असायची, मुलींचं टेबल वेगळं. आत्ता वेळ काय ते सकाळी प्रत्यक्ष जाऊन विचारतो. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) केलाय.